तालमीच्या माडीवरचे मधुमेही मुलांचे केंद्र : दोन वर्षांच्या अनुभवानंतरचा अभिप्राय

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतील एका जुन्या तालमीच्या माडीवर दर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी, दुपारी तीन ते सहा या वेळेत, टाईप वन मधुमेह असलेल्या गरीब घरांतील मुलामुलींसाठी एक केंद्र चालते. दारावर पाटी नाही, नोंदणीचे शुल्क नाही, आणि ते चालवणाऱ्या मंडळींनी आपली नावे कोठेही छापू नयेत अशी विनंती केलेली असल्यामुळे मीही ती येथे देत नाही. मी एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. माझ्या वर्गातील एका विद्यार्थिनीला आणि तिच्या आईला घेऊन गेली दोन वर्षे मी या माडीवर जाते आहे. अशा मुलांच्या पालकांना आणि शिक्षकांना या सेवेची माहिती व्हावी आणि तिच्यातील उणिवा चालवणाऱ्यांच्याही नजरेस याव्यात, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

या मुलीचे वडील लक्ष्मीपुरीच्या धान्य बाजारात हमाली करतात आणि आई घरी बसून कोल्हापुरी चपलांच्या वेण्या घालते. आठवीत असताना दोन-अडीच महिन्यांत मुलगी पार वाळून गेली. एकाच तासाला पाण्यासाठी आणि लघवीसाठी दोन-दोनदा परवानगी मागू लागली, आणि ती अभ्यास टाळते आहे असे समजून मी तिला नकार दिला. खूप तहान, वारंवार लघवी आणि पोटभर खाऊनही उतरणारे वजन ही लक्षणे विज्ञान शिकवणाऱ्या मला एकत्र जोडता आली नाहीत, याची खंत आजही मनात आहे. पुढे उलट्या आणि पोटदुखी सुरू झाली. एका दवाखान्यात पित्त समजून दोन दिवस औषध दिले गेले, आणि तिसऱ्या दिवशी ती धापा टाकत, अर्धवट शुद्धीत रुग्णालयात दाखल झाली तेव्हा रक्तातील साखर पाचशेच्या वर होती. शरीरात इन्सुलिन नसले की पेशींना साखर वापरता येत नाही, शरीर चरबी जाळू लागते, रक्तात आम्ल साचत जाते आणि वेळेवर उपचार न झाल्यास मूल हातचे जाते. ती वाचली, कारण तेथील डॉक्टरांनी आल्याबरोबर बोट टोचून साखर पाहिली.

आठवडाभराने घरी सोडताना तिच्या आईच्या हातात इन्सुलिनच्या दोन बाटल्या, काही सिरिंज आणि एक चिठ्ठी देण्यात आली. डॉक्टरांनी समजावून सांगितले नाही असे मी म्हणणार नाही. परंतु बाहेर पन्नास रुग्ण ताटकळत असताना एका कुटुंबाच्या वाट्याला फार तर दहा मिनिटे येतात, आणि त्या दहा मिनिटांत आयुष्यभराचा आजार समजत नाही. पोरीने सकाळी भाकरी अर्धीच खाल्ली तर सुई किती द्यायची, ताप आला आणि अन्न जाईना तर सुई बंद ठेवायची का, शाळेत दुपारची सुई कोण देणार, हे प्रश्न घरी गेल्यावर पडतात. तापात आणि उलट्यांमध्ये इन्सुलिन बंद करणे हीच सर्वांत धोक्याची चूक आहे, हे त्या माउलीला कोणी पटवून दिले नव्हते. शेजारपाजारचे सल्ले मात्र रोज मिळत होते. कोणी कारल्याचा रस सांगे, कोणी पोरीने लहानपणी गुऱ्हाळावर काकवी फार खाल्ली म्हणून हे झाले असे सांगे. टाईप वन मधुमेह गोड खाल्ल्याने होत नाही. शरीराची रोगप्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते, आणि त्यात मुलाचा दोष नसतो, तसाच आईचाही नसतो. माडीवरच्या पहिल्या भेटीत काकींनी सर्वप्रथम हीच गोष्ट सांगितली, आणि ती ऐकून त्या आईने पदराने डोळे पुसलेले मी पाहिले.

काकी म्हणजे येथील दोन निवृत्त परिचारिका. सगळी मुले त्यांना काकीच म्हणतात. त्यांच्या जोडीला औषधनिर्माणशास्त्र शिकलेले एक गृहस्थ, महिन्यातून एकदा येणारे बालरोगतज्ज्ञ, आणि स्वतः टाईप वन मधुमेह असलेले सहा-सात तरुण आहेत. त्यांतील कोणी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे, तर कोणी पदवीचे शिक्षण घेत आहे. केंद्राचा खरा आधार हे तरुण आहेत असे माझे मत आहे.

केंद्राची योग्यता मला ज्या प्रसंगातून कळली तो येथे सांगणे आवश्यक वाटते. तिसऱ्या की चौथ्या भेटीला मुलीच्या वहीत चार दिवस सलग साखर चारशेच्या आसपास लिहिलेली होती. आईच्या म्हणण्याप्रमाणे सुई वेळेवर, मोजून, रोजच्याइतकीच दिली होती. मी मनात मुलीनेच चोरून काहीतरी खाल्ले असेल असा ग्रह करून घेतला होता. काकींनी तिला एक शब्दही विचारला नाही. त्यांनी आईला पिशवी रिकामी करायला सांगितली, त्यातील सिरिंज उचलून उजेडात धरली आणि म्हणाल्या, "टोपण बघा वहिनी. ही नारिंगी हाय, आपली लाल असते." आपल्याकडे बाटलीतून मिळणारे इन्सुलिन बहुधा एका मिलीलिटरला ४० युनिट या ताकदीचे असते आणि त्यासाठी लाल टोपणाची सिरिंज वापरतात. नारिंगी टोपणाची सिरिंज १०० युनिट ताकदीच्या इन्सुलिनसाठी असते. लाल सिरिंज संपल्यामुळे आईने एका औषधाच्या दुकानातून सिरिंज मागितली, दुकानदाराने हाताला लागली ती दिली, आणि २० च्या खुणेपर्यंत भरलेल्या इन्सुलिनमधून मुलीच्या अंगात प्रत्यक्षात आठच युनिट जात राहिले. हीच चूक उलट दिशेने झाली असती, म्हणजे १०० ताकदीचे इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले गेले असते, तर अंगात ५० युनिट जाऊन मुलगी झोपेतच बेशुद्ध झाली असती. काकींनी दोन्ही सिरिंज शेजारी शेजारी ठेवल्या, दोन्हींत २० पर्यंत पाणी भरून दाखवले आणि मग आईला स्वतः भरायला लावले. अक्षर न वाचता येणाऱ्या बाईलाही टोपणाचा रंग कळतो. त्या दिवसापासून तिने नारिंगी टोपणाची सिरिंज घरात येऊ दिलेली नाही.

अशीच बारकाईची शिकवण इतर बाबतींतही मिळते. पाण्यासारखे स्वच्छ इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास द्यायचे, दुधाळ इन्सुलिनची बाटली न हलवता दोन्ही तळव्यांत हळूहळू फिरवून मग भरायची, सुईची जागा रोज बदलायची. एका मुलाच्या पोटावर काकींनी बोटांनी चाचपडून गाठ शोधून काढली. तेथे दुखत नाही म्हणून तो महिनोन्‌महिने तेथेच टोचत होता, आणि गाठीतून इन्सुलिन नीट शोषले जात नसल्यामुळे त्याची साखर कधी खाली तर कधी वर जात होती. मात्र इन्सुलिनचे प्रमाण काकी स्वतः कधीही बदलत नाहीत. वही पाहून त्या डॉक्टरांना फोन करतात आणि डॉक्टर सांगतील तेवढेच वहीत लिहून देतात. आपल्या अधिकाराची मर्यादा ओळखण्याचा हा गुण मला फार महत्त्वाचा वाटतो.

आता खर्चाविषयी. मुलीला दिवसाला साधारण ३२ युनिट लागतात. १० मिलीलिटरच्या बाटलीत ४०० युनिट असतात, म्हणजे महिन्याला अडीच बाटल्या पुरतात. साध्या मानवी इन्सुलिनची बाटली बाजारात दीडशे रुपयांच्या आसपास मिळते आणि सरकारी रुग्णालयातून ती मोफतही मिळू शकते. गरीब घर मोडून पडते ते साखर तपासण्याच्या पट्ट्यांमुळे. एक पट्टी आम्हाला वीस रुपयांना पडत होती. दिवसातून चार वेळा तपासायचे म्हटले की महिन्याचे चोवीसशे रुपये झाले, आणि वेण्या घालून मिळणाऱ्या मजुरीतून ते निघत नाहीत. मग आया पट्ट्या वाचवतात, बोट न टोचता चेहऱ्यावरून अंदाज बांधून सुई देतात, आणि असा अंदाज एक दिवस हमखास चुकतो. रुग्णालयात दाखल झाल्यावर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार असतो, पण रोजच्या या पट्ट्यांचा भार घरावरच पडतो. केंद्र प्रत्येक मुलाला महिन्याला १०० पट्ट्या देते. दिवसाला तीन भरतात, चौथी पालकांनी पाहायची. सकाळी उपाशीपोटी आणि रात्री झोपताना पट्टी कधीही चुकवायची नाही, उरलेली आज दुपारी तर उद्या संध्याकाळी वापरायची, अशी युक्ती तेथे शिकवतात, आणि महिनाभराची वही पाहिली की तेवढ्यावरही डॉक्टरांना पुरेसे चित्र दिसते.

शाळेच्या बाबतीत केंद्राने जे केले त्यासाठी मी कायमची ऋणी आहे. काकी आणि एक तरुण दादा आमच्या शाळेत आले, मुख्याध्यापकांशी बोलले आणि मुलीची व तिच्या आईची संमती घेऊन वर्गात तासभर माहिती दिली. साखर ७० च्या खाली गेली की घाम येतो, हात थरथरतात, मूल चिडते किंवा गप्प होते, असे असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, पंधरा मिनिटे थांबून पुन्हा तपासायचे, आणि मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठायचा, एवढे त्यांनी प्रत्येकाकडून पाठ करून घेतले. पुढच्याच महिन्यात खो-खोच्या सरावात ही मुलगी खुंटाजवळ उभ्या उभ्या गोंधळली आणि कोणी बोलले तरी उत्तर देईना. मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होते. मी धावत पोहोचेपर्यंत तिच्या मैत्रिणीने दप्तरातील डबी काढून साखर पाण्यात कालवली होती आणि दुसरी मुलगी घड्याळ बघत उभी होती. "बाई, आठ मिन्टं झाली," एवढेच ती मला म्हणाली. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ मध्येच आपल्या परीक्षांना बसणाऱ्या टाईप वन मधुमेही विद्यार्थ्यांना साखरेच्या गोळ्या, फळे, खाऊ आणि पाणी सोबत नेण्याची मुभा दिली आहे. मंडळ वेगळे असले तरी त्या परिपत्रकाची प्रत काकी प्रत्येक शाळेत दाखवतात, आणि आमच्या मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी घटक चाचणीला साखरेची डबी बाकावर ठेवण्यास परवानगी दिली. सुई टोचण्यासाठी तिला शौचालयात जावे लागत होते, तेही बंद झाले. आता ती शिक्षककक्षात खुर्चीवर बसून सुई घेते.

आहाराचा भाग येथे घरच्या ताटावरूनच समजावतात. ज्वारीच्या भाकरीऐवजी भात खायचा तर किती वाट्या, आमटीतील डाळ किती, पांढरा रस्सा चालतो का, असे प्रश्न आया मोकळेपणाने विचारतात. साखर बंद करून गूळ सुरू करणाऱ्या घरांची संख्या आपल्या जिल्ह्यात मोठी आहे. गूळ खाल्ला तरी रक्तातील साखर वाढतेच, हे पटवण्यासाठी एका दादाने गुळाचा खडा खाण्यापूर्वी आणि तासाभराने स्वतःचे बोट टोचून दाखवले. दोन आकडे फळ्यावर लिहिल्यावर कोणी वाद घातला नाही.

या केंद्राची सुरुवात २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरानंतर झाली. पंचगंगेच्या पाण्याने शहर वेढले, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, वीज गेली, आणि औषधे मिळणे कठीण झाले. त्या दिवसांत इन्सुलिन असलेल्या आणि ते संपलेल्या घरांची एकमेकांशी गाठ घालून देण्याचे काम या दोन काकींनी फोनवरून केले, आणि पाणी ओसरल्यावर त्याच घरांची यादी या माडीवर आली. त्यामुळे असेल, इन्सुलिन सांभाळण्याविषयी येथे फार आग्रहाने शिकवतात. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंश तापमानात ठेवायची, पण बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन निकामी होते. फ्रिज नसलेल्या घरांसाठी मडक्याची पद्धत आहे. मोठ्या मातीच्या मडक्यात लहान मडके, दोहोंमध्ये ओली वाळू, आत झाकणाच्या डबीत बाटली आणि वरून ओले फडके. मुलीच्या घरी हे मडके चुलीपासून दूर, मोरीजवळच्या गार कोपऱ्यात आहे, आणि वाळू ओली ठेवण्याचे काम तिच्या धाकट्या भावाकडे आहे. एप्रिलच्या उन्हाळ्यातही हात घातला की आतला गारवा जाणवतो. उघडलेल्या बाटलीवर तारीख लिहून ती चार आठवड्यांत संपवायची, ही शिस्तही त्या घराने धरली आहे.

मुले मात्र माडीवर येतात ती स्वतः मधुमेह असलेल्या या तरुण दादा-ताईंसाठी. सुईचा कंटाळा येणे, वहीत खोटे आकडे लिहिणे, सणाच्या दिवशी सगळ्यांवर चिडणे, या गोष्टी आई-वडिलांना सांगता येत नाहीत आणि शिक्षकांना तर नाहीच. माझ्या विद्यार्थिनीनेही दोन आठवडे वहीत मनानेच आकडे लिहिले होते. माडीवरच्या एका ताईने ते ओळखले, रागावली नाही, आणि आपणही दहावीत हेच केले होते असे सांगितले. मागच्या १४ नोव्हेंबरला याच ताईने मुलांना लिओनार्ड थॉम्पसनची हकीकत सांगितली. इन्सुलिन शोधणाऱ्या फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्मदिवस म्हणून तो जागतिक मधुमेह दिन आहे, आणि आपल्याकडे बालदिनही. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोच्या रुग्णालयात धर्मादाय विभागात दाखल असलेला, हाडांचा सापळा झालेला हा चौदा वर्षांचा मुलगा इन्सुलिन टोचून घेणारा पहिला रुग्ण ठरला. पहिल्या सुईने नीट गुण आला नाही, उलट त्रासच झाला, आणि औषध अधिक शुद्ध करून बारा दिवसांनी दिलेल्या सुईने तो सावरला. "म्हणजे तोबी गरीबच होता?" असे माझ्या विद्यार्थिनीने विचारले. तीही तेव्हा चौदाच वर्षांची होती. त्या दिवसानंतर तिच्या वहीत खोटा आकडा आलेला मला आढळला नाही.

आता उणिवा. सर्वांत मोठी उणीव वयाच्या अटीची आहे. अठरा वर्षे पूर्ण झाली की पट्ट्या मिळणे बंद होते. देणगी मुलांसाठी म्हणून मिळते, हे कारण मला सांगण्यात आले आणि ते खरेही असेल. परंतु नेमके त्याच वयात मुले फाउंड्रीत रात्रपाळीला लागतात, जेवणाच्या वेळा बदलतात, मालकाला आजार सांगावा की लपवावा हा पेच पडतो, आणि मुलींच्या लग्नाची बोलणी सुरू होऊन घरचे लोक सुया लपवू लागतात. आधार सर्वाधिक लागतो तेव्हाच तो काढून घेतला जातो. गेल्या वर्षी अठरा पूर्ण झालेला एक मुलगा पट्ट्या बंद झाल्यावर यायचाच थांबला, आणि पाच महिन्यांनी आला तेव्हा त्याची तीन महिन्यांची साखर दाखवणारी एचबीएवनसी तपासणी सातच्या आसपासवरून अकराच्या पुढे गेली होती. ही मर्यादा निदान पंचवीसपर्यंत न्यावी अशी माझी कळकळीची सूचना आहे.

दुसरी अडचण अंतराची. गगनबावडा किंवा शाहूवाडीकडून येणाऱ्या आईचा सगळा दिवस आणि त्या दिवसाची मजुरी जाते. तालुक्याच्या ठिकाणी महिन्यातून एक दिवस जाण्याचा विचार केंद्राने करावा. तिसरी बाब पट्ट्यांची. देणगीत आलेल्या पट्ट्या एका कंपनीच्या आणि मुलांकडील यंत्र दुसऱ्या कंपनीचे, असे गेल्या पावसाळ्यात दोन वेळा झाले आणि खोकी असूनही मुले रिकाम्या हाताने गेली. देणगीदारांना यंत्राचे नाव आधी कळवले तर हे टळेल. आणखी एक गोष्ट मला खटकली आणि मी ती तेथे बोलूनही दाखवली. देणगी देण्यास आलेल्या काही मंडळींनी मुलांना रांगेत उभे करून, हातात खोकी देऊन छायाचित्रे काढली. नववीतल्या मुलीला आपला आजार साऱ्या गल्लीच्या फोनवर नको असतो. त्यानंतर असे छायाचित्र काढलेले मी पाहिले नाही, हे नोंदवणे न्यायाचे होईल. माडीचा जिना अरुंद आणि उभा आहे, आजारी मुलाला उचलूनच न्यावे लागते.

एवढे असूनही हे केंद्र मी प्रत्येक पालकाला निःसंकोच सुचवते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून या शहरात गरीब मुलांच्या शिक्षणासाठी वसतिगृहे उभी केली, आणि मूल कोणाचेही असो, ते शिकले पाहिजे ही जबाबदारी गावाने घ्यायची असते हे कोल्हापूरला शिकवले. मधुमेही मूल वर्गात टिकायचे तर त्याच्या गल्लीत, शाळेत आणि कामाच्या ठिकाणी त्याचा आजार ओळखणारी चार माणसे असावी लागतात. अशी माणसे तयार करण्याचे काम येथे होते.

प्रथम जाणाऱ्यांनी तीनच्या आधी पोहोचावे, कारण डॉक्टर येतात त्या शनिवारी साडेतीनपर्यंत जिन्यावर रांग लागते. रुग्णालयातून मिळालेले सर्व कागद, घरातील तपासणीचे यंत्र, पट्ट्यांचे रिकामे खोके, इन्सुलिनची चालू बाटली आणि वापरात असलेली एक सिरिंज टोपणासकट सोबत न्यावी. मुलाला जेवण घालूनच न्यावे, आणि साखरेची डबी पिशवीत न ठेवता त्याच्या स्वतःच्या खिशात द्यावी.